खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण?



परवा मंदिराच्या पायरीवर आम्ही चौघीजणी बसलो होतो. एक भगिनी म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंनी संध्याकाळी नुसती खिचडी टाकली. घरात कोण आजारी आहे का, असं विचारलं मी." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र माझीच मला लाज वाटली, म्हणून आज जरा तिखट लिहिते.

आधी हिशेब करू. थंडीत आपल्याकडे दिवस सहाच्या सुमारास मावळतो. जुन्या रीतीप्रमाणे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकायचं, तर सव्वापाचपूर्वी ताट उचललेलं हवं. आता १२ चपात्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर. कणीक मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत माझे स्वतःचे पावणेदोन तास जातात, आणि मला ४० वर्षांचा सराव आहे. नोकरीवरून येणाऱ्या मुलीने हे कधी करायचं? ती करत नाही. मग आपण म्हणतो, आजकालच्या मुलींना धर्म नको. अहो, धर्म नको असं कुठे म्हणतात त्या? त्यांना तुमचं चार पदार्थांचं ताट झेपत नाही.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी सहावी रात्रिभोजन त्यागाची. आमटीबरोबर कोशिंबीर हवीच, असं त्यात मी तरी कुठे वाचलेलं नाही. व्रत वेळेचं आहे, पदार्थांच्या संख्येचं नाही. ताट भरलेलं हवं हा आपला मान आहे, आणि तो आपण व्रताच्या नावावर खपवतो.

माझी खिचडी अशी. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, दोन्ही निवडून धुऊन. कुकरमध्ये दोन चमचे तूप, त्यात जिरे, हिंग, चार-पाच मिरी, दोन लवंगा, कढीपत्ता. हळद आणि चिमूटभर सुंठ (आलं आपल्याला चालत नाही, पण थंडीला सुंठीची ऊब पुरते). लाल भोपळ्याच्या फोडी किंवा मूठभर मटार. गाळलेलं पाणी उकळून सहा वाट्या, मीठ, चार शिट्ट्या. ती मऊच हवी, चमच्याने ओघळली पाहिजे. सोबत आमसुलाचं सार आणि भाजलेला पापड. ताक घेऊ नका, डाळीबरोबर द्विदळ होतं. एकूण अर्धा तास, त्यातला निम्मा कुकरचा, आपला नाही. पोट हलकं राहतं, आणि वरून तूप सोडलं की सकाळपर्यंत भूकही लागत नाही.

"पुरुषमाणसांना खिचडी चालत नाही," असं एकीने मला ऐकवलं. ज्या पुरुषमाणसांना चालत नाही, ती बहुधा रात्री आठला येऊन जेवतात. त्यांनी नियम मोडला तर "कामाचा व्याप" आणि सुनेने पदार्थ कमी केले तर "आळस". हा जमाखर्च कुठल्या वहीत बसतो, मला वाणिज्य शाखेत कोणी शिकवलं नाही.

आमच्या घरातलंही सांगते. माझ्या मुलाने नियम कधीच सोडला, मी काही बोलले नाही. सुनेचा सुटत चालला तेव्हा मात्र तोंड वाजवलं. एकदा ती शांतपणे म्हणाली, "आई, पाचला मी बँकेत असते. काय खाऊ, तुम्हीच सांगा." उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्या दिवसापासून दुपारी उशिरा खिचडी करून गरम राहणाऱ्या डब्यात भरून शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवू लागले. पाचला ती टेबलावर बसूनच खाते. घरी आल्यावर फक्त उकळून गार केलेलं पाणी लागतं तिला, तेही दिवस असेल तोवरच.

उद्या चतुर्दशी आहे. हिरवी भाजी नाही, म्हणून मटार नाहीत. नुसती मूगडाळ, मिरी जरा जास्त.