मनगटाची तक्रार ऐकावी

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि सकाळी त्याचा विसर पडतो. ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ या विकाराची सुरुवात बहुधा अशीच होते. मनगटातील अरुंद बोगद्यातून 9 स्नायुरज्जू व एक मज्जातंतू जातो. तेथे दाब वाढला की अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात. करंगळी मात्र सहसा सुटते.

याचा सारा दोष संगणकाला देणे योग्य नव्हे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गर्भारपण आणि जोर लावून वारंवार करावी लागणारी कामे हीही कारणे आहेत. म्हणूनच कीबोर्डला कधीही हात न लावलेल्या गृहिणीची तक्रार ‘कामाने हात दुखायचाच’ म्हणून उडवून लावणे हा तिच्यावर अन्याय होय.

मनगट सरळ ठेवावे, कामात अधूनमधून विसावा घ्यावा, रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी. सुरुवातीस रात्री मनगटाला आधारपट्टी बांधूनही पुष्कळांना आराम पडतो. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजतात आणि ती झीज शस्त्रक्रियेनेही नेहमीच भरून येत नाही. मुंग्या वारंवार येऊ लागताच डॉक्टरांचा सल्ला घेण्यातच शहाणपण आहे.