कमिटीने लॅबमध्ये थांबावं

अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएची कमिटी येणार म्हटलं की इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणं मागे पडतं आणि एक्सेल पुढे येतं. विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते सांगणारे पाच-सहा सीओ. पदवीअखेरचे बारा पीओ, ताज्या आराखड्यात अकरा. कोणता सीओ कोणत्या पीओला किती लागू, ते एक, दोन, तीन अशा आकड्यांत भरायचं. मग गुणांवरून 'अटेनमेंट' काढायचं.

कल्पना मला मनापासून मान्य आहे. १९९४ मध्ये एआयसीटीईने एनबीए स्थापन केलं, तेव्हा भर इमारत, ग्रंथालय, शिक्षकसंख्या यांवर होता. देशोदेशीच्या इंजिनीअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराची वाट धरल्यावर प्रश्न बदलला: कॉलेजकडे काय आहे ते राहू द्या, पोराला काय येतं ते सांगा. जून २०१४ मध्ये भारत या कराराचा पूर्ण सदस्य झाला. याहून रास्त प्रश्न शिक्षकाला कोणी विचारू शकत नाही.

उत्तर मात्र आपण भलत्याच ठिकाणी शोधतो. मी सिव्हिलला काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवते. मागच्या सत्रात ओरलला एका मुलाला ताज्या काँक्रीटचा प्रवाहीपणा तपासणारी स्लम्प टेस्ट करायला लावली. थर भरले, प्रत्येक थराला पंचवीस ठोके दिले, कोन सरळ वर उचलला. हात छान चालला. मिश्रण कोरडं होतं, स्लम्प जेमतेम २० मिलिमीटर. विचारलं, "हेच काँक्रीट पंपाने स्लॅबवर चढवायचंय. काय करशील?"

"पाणी वाढवीन, मॅडम."

साइटवरचा कुठलाही मुकादम हेच करतो, आणि २८ दिवसांनी क्यूब फुटला की सिमेंट कंपनीला शिव्या घालतो. याच मुलाने चाचणी परीक्षेत पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, हे आलेखासकट लिहिलं होतं. एक्सेलमध्ये गेले ते त्या उत्तराचे गुण. ओरलचा तो संवाद टाकायला त्या तक्त्यात रकानाच नाही. आमच्याकडे ऐंशी टक्के मुलांनी साठ टक्क्यांवर गुण मिळवले की अटेनमेंट तीन, म्हणजे सर्वोच्च. वर्गाला तीन मिळाले.

संलग्न कॉलेजात गोष्ट आणखी पुढे जाते. पेपर विद्यापीठ काढतं, तपासतात दुसरेच, आणि आमच्या हाती येते ती फक्त एकूण बेरीज. कोणत्या प्रश्नाला कोणाला किती गुण, ते कळत नाही. मग तीच बेरीज सगळ्या सीओंना सरसकट लावायची आणि दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा काढायचा! वर्षअखेरच्या सर्वेक्षणात तर मुलं सगळीकडे 'उत्कृष्ट'वर टिचकी मारून कँटीन गाठतात. यात खोटं कोणी लिहीत नाही. पण खरं काही मोजलंही जात नाही.

म्हणून पीओ आणखी बदलत बसण्यापेक्षा कमिटीने भेटीतला निम्मा वेळ लॅबमध्ये काढावा. हजेरीपटातून पाच नावं स्वतः उचलावीत. कॉलेजने बसवलेली हुशार मुलं नकोत. सिव्हिलच्या मुलाला बिघडलेलं मिश्रण द्यावं, मेकॅनिकलच्या मुलीला चुकीच्या मापांचं ड्रॉइंग, आणि बघत राहावं. वाळू ओली आहे का ते आधी बघायचं, पाणी वाढवायचंच तर त्या प्रमाणात सिमेंटही, नाहीतर अ‍ॅडमिक्श्चर, एवढं ज्याला सुचलं त्याच्याबद्दल काही म्हणता येईल. आमच्या फाइलींच्या गठ्ठ्यांवरून ते म्हणता येत नाही. मोजकेच सीओ ठेवले आणि ते हाताने करून घेऊन तपासले, तर शिक्षकांच्याही रात्री वाचतील.

आणि पालकांनो, कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना 'कॉलेज एनबीए आहे' एवढ्यावर थांबू नका. हे मानांकन कॉलेजला नसतं, एकेका शाखेला असतं, तेही ठरावीक मुदतीचं. वॉशिंग्टन करारातली मान्यता टियर-१ मधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या आणि स्वायत्त कॉलेजांच्या मानांकित शाखांनाच आहे. तुमच्या मुलाच्या शाखेला मानांकन कधीपर्यंत आणि कोणत्या टियरमध्ये, हे कॉलेजला लेखी विचारा. आणि तिथली लॅब चालू असताना बघायला मागा.