प्रताधिकाराचे उत्पन्न आणि भिवंडीचा माग

राष्ट्रीय उत्पन्नाचा विचार करताना शेते, खाणी आणि कारखाने डोळ्यांसमोर येतात. पुस्तके, गाणी, चित्रपट आणि संगणकाच्या आज्ञावली सहसा येत नाहीत. वस्तुतः हेही उद्योगच होत, आणि त्यांचा पाया आहे प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा. या उद्योगांचे मोजमाप कसे करावे, याची मार्गदर्शिका जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक देशांनी केलेल्या पाहण्यांत हा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आढळला.

या मोजमापात चार वर्ग आहेत. पहिल्यात ग्रंथ, वृत्तपत्रे, संगीत, चित्रपट. दुसऱ्यात त्यांना लागणारी यंत्रे व कागद. तिसऱ्यात ज्यांच्या मालात कलेचा काही अंश असतो असे कापड, दागिने, फर्निचर आदी उद्योग. आणि चौथ्यात व्यापार व वाहतूक. भिवंडीचे यंत्रमाग तिसऱ्या वर्गात येतात, तर मुंबई-नाशिक महामार्गालगत पसरलेल्या गोदामांतून होणारी मालाची ने-आण चौथ्याशी जोडलेली आहे. मात्र तिसऱ्या वर्गातील उद्योगाचे सर्व उत्पन्न हिशेबात धरले जात नाही, त्यातील कलेचा अंश तेवढा धरला जातो. कापडाच्या बाबतीत काही देशांनी तो एक टक्क्याहूनही कमी मानला आहे.

हा अंश लहान असला, तरी त्याचा धनी कोण हा प्रश्न लहान नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या आणि यंत्रमागांचे महत्त्व वाढले. परंतु भिवंडीत विणले जाणारे बरेचसे कापड कोरे, ग्रे स्वरूपाचे असते. कित्येक मागवाले व्यापाऱ्याने दिलेले सूत मजुरीवर विणून देतात. त्या कापडावर रंग आणि छपाई बहुधा दुसऱ्या गावी चढते, नक्षी दुसऱ्याची असते आणि नक्षीमुळे वाढलेली किंमतही दुसऱ्याच्याच पदरात पडते. मागवाल्याच्या हाती उरते ती विणाईची मजुरी.

कायद्याची रचनाही येथे ध्यानात घ्यावी लागते. ग्रंथकाराच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकावरील प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कापडावरील नक्षीचे तसे नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य नक्षी नोंदलेली नसेल आणि तिच्या मालकाने वा त्याच्या परवानगीने ती यंत्रावर पन्नासाहून अधिक वेळा उतरविली गेली, की तिच्यावरील प्रताधिकार संपतो. पन्नास नग म्हणजे मागाला काहीच नव्हे. २००९ मध्ये मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने गादी-सोफ्याच्या कापडावरील फुलांच्या नक्षीबाबत हेच तत्त्व लावले. संरक्षण हवे तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तिची मुदत १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षे वाढविता येते. पण अर्ज माल बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो. नवी नक्षी बाजारात चालते की नाही हे पाहून मग नोंदणीचा विचार करणाऱ्या लहान मागवाल्याचा हक्क तेथेच बुडतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कायदा कडक झाला तर चालू नक्षीची नक्कल करून पोट भरणारे लहान मागवालेच आधी बुडतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु नकलेवर जगणाऱ्याला स्पर्धेचे एकच साधन उरते, ते म्हणजे कमी दर. आणि दर उतरला की त्याचा भार अखेर माग चालविणाऱ्या कामगाराच्या मजुरीवर पडतो. नकलेची स्वस्ताई फुकट नसते. तिची किंमत कामगार मोजतो.

म्हणून केवळ माग आधुनिक करून भागणार नाही. मागवाल्यांच्या संघटनांनी सामाईक खर्चाने नक्षीकार नेमावेत व त्यांच्या नक्षीची वेळेवर नोंदणी करावी. मजुरीच्या करारात नक्षी कोणाच्या मालकीची हे लेखी असावे. शासनानेही यंत्रांसाठी अनुदान देताना नक्षीकामाचे शिक्षण आणि नोंदणीचे साहाय्य यांची तरतूद करावी. राष्ट्रीय उत्पन्नात कलेचा वाटा किती, हे टक्केवारी सांगते. तो कोणाच्या घरी जातो, हे ती सांगत नाही. भिवंडीच्या दृष्टीने दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.