पर्शियन की गावठी? आधी आपले घर पाहा

अलीकडे तालुक्याच्या गावांतूनही पर्शियन मांजरे दिसू लागली आहेत. लांब मऊ केस, चपटे नाक, गोल डोळे. मुलांनी हट्ट धरावा असेच हे रूप. मग घरात वाद सुरू होतो. हजारो रुपये मोजून पर्शियन आणायचे, की शेजारच्या माळ्यावर व्यालेल्या गावठी मांजरीचे पिल्लू उचलायचे? मांजर १२ ते १५ वर्षे घरात राहते, आपल्या अंथरुणात झोपते. म्हणून या प्रश्नात डॉक्टरनेही दोन शब्द बोलायला हरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे घरात कोणाला दमा आहे का? 'या जातीच्या मांजराचा त्रास होत नाही,' असे विकणारे सांगतात. त्यावर विसंबू नये. मांजराची अ‍ॅलर्जी केसांमुळे होत नाही. मांजराच्या लाळेत व त्वचेत एक प्रथिन असते, त्यामुळे ती होते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. हे दोन्ही मांजरांत घडते. फरक इतकाच की, गावठी मांजर अर्धा दिवस बाहेर असते आणि पर्शियन चोवीस तास घरात. घरात दमेकरी मूल असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे, दोन्ही नकोत.

दुसरी गोष्ट वेळेची. पर्शियनचे केस रोज विंचरावे लागतात. नाही तर गुंता होऊन खालची कातडी खराब होते. चपट्या नाकामुळे डोळ्यांतून पाणी वाहते, तेही रोज पुसावे लागते. श्वासाची वाट अरुंद असल्याने या मांजराला उकाडा सोसत नाही. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत त्याचे हाल होतात. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची जनुकीय तपासणी होते, म्हणून पिल्लाच्या आईबापांची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. लांब केसांत गजकर्णाची बुरशीही लपून राहते आणि मग ती मुलांच्या अंगावर उमटते. नवराबायको दोघेही दिवसभर नोकरीला जात असतील, तर हे सारे कोण करणार?

तिसरी गोष्ट आहाराची. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य कमी पडले, तर मांजराची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. गावठी मांजर उंदीर मारून आपली सोय काही अंशी करते. घरात कोंडलेले पर्शियन मात्र सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असते. नुसत्या दूधभातावर ते जगवता येणार नाही. ज्या घरात मासळी-मटण चालत नाही, त्यांनी याचा आधीच विचार करावा.

याचा अर्थ गावठी मांजर निर्धोक आहे असे नव्हे. ते गल्लीबोळांत हिंडते, कुत्र्यांच्या तोंडी सापडते आणि रेबीज मांजरापासूनही होतो. मांजर चावले किंवा बोचकारले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट भरत बसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून मांजर कोणतेही असो, ३ महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्यांकडून लस टोचून घ्यावी, पुढेही वेळच्या वेळी द्यावी आणि नसबंदी करावी.

घरात गर्भवती सून किंवा लेक असली की, मांजर हाकलून देण्याची घाई होते. तशी गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो, विशेषतः उंदीर व कच्चे मांस खाणाऱ्या मांजराच्या. पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज दुसऱ्या कोणी काढावी. गर्भवतीने मातीत काम केल्यावर हात धुवावेत, भाज्या धुऊन वापराव्यात, मांस पुरते शिजवावे.

आणखी एक, मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला उतारा देणारी ही गोळी मांजराला विष आहे.

माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक घरांना लस टोचलेले, नसबंदी केलेले गावठी मांजरच योग्य. आपल्या हवेत ते रुळलेले आहे आणि त्याचा खर्चही झेपतो. ज्यांच्या घरी गारवा आहे, रोज अर्धा तास देणारे माणूस आहे आणि दमा नाही, त्यांनी पर्शियन खुशाल आणावे. मात्र हौस फिटली म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नये. गावठी मांजर कसेबसे तरी जगते. पर्शियन तिथे चार दिवसही तग धरणे कठीण.