पदवीचा कागद की हातातलं काम?

"ताई, पोरीला जरा समजावा. डोकं फिरलंय तिचं." पोळ्या लाटता लाटता आमच्या मावशी म्हणाल्या. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. लेकीला 61 टक्के. मावशींच्या मनात अकरावी कॉमर्स, मग बी.कॉम. लेकीच्या मनात आयटीआय, आणि तेही इलेक्ट्रिशियन!

संध्याकाळी ती आली. मी आपली ठरलेली टेप लावली, "आधी ग्रॅज्युएट हो बाई, मग काय हवं ते कर." तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "काकू, बी.कॉम. झाल्यावर मी नक्की काय करणार?" खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि रात्री आठवलं, दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं फिटरचा ट्रेड घेतला तेव्हा मीच पेढे वाटले होते. मुलाच्या हातात पाना शोभतो, मुलीच्या हातात पदवीचा कागद! हे माझ्याही डोक्यात किती पक्कं बसलंय, ते त्या रात्री कळलं.

मग जरा माहिती काढली. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा. राज्यातल्या आयटीआयमध्ये 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. त्यानंतर कंपनीत शिकाऊ उमेदवारी, म्हणजे आपली अप्रेंटिसशिप. तिचा कायदा 1961 सालचा. 2019 मध्ये नियम बदलले, आणि तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. आयटीआय झालेल्यांना महिना किमान सात हजार रुपये विद्यावेतन तेव्हाच ठरलं. वर्षाचे झाले 84 हजार. मावशींच्या घरात ही रक्कम लहान नाही.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. वर्ष संपल्यावर त्याला नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन मालकावर नाही. म्हणून काही ठिकाणी शिकवणं बाजूला राहतं आणि स्वस्तातला हात तेवढा वापरून घेतला जातो. वर्षभर नुसती खोकी उचलली, तर ती उमेदवारी कसली? शिवाय मुलीच्या आईचे प्रश्न वेगळेच. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? पाळी कुठली, रात्री घरी कशी येणार? शंभर मुलांत ही एकटीच असेल का? हे प्रश्न विचारणारी आई मागासलेली नसते, शहाणी असते.

पदवीला मोडीत काढायचंही कारण नाही. बँकांच्या, लोकसेवा आयोगाच्या बऱ्याच परीक्षांना पदवी लागतेच. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली. जिला डॉक्टर, इंजिनिअर, वकील व्हायचंय आणि तशी तयारी आहे, तिनं ही संधी सोडूच नये. माझं भांडण आहे ते फक्त "काहीतरी करायचं म्हणून" घेतलेल्या पदवीशी. तीन वर्षं कॉलेज, मग स्थळं बघायची, आणि बायोडेटात शिक्षणाची एक ओळ. लग्नाच्या बाजारात ती ओळ चालते, पण उद्या एकटीवर वेळ आली तर त्या ओळीवर चूल पेटत नाही.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम, हाही गैरसमज. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. नोकरी करता करता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. म्हणजे पदवी हुकत नाही, थोडी उशिरा येते इतकंच.

शेवटी मी, मावशी आणि त्यांची लेक अशा तिघी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन आलो. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुली होत्या चारच. मावशींनी त्यातल्या एकीला बाजूला घेऊन काय काय विचारलं देव जाणे! मी त्यांना एवढंच सांगितलं, "उमेदवारीला जाताना करार नोंदवलाय ना ते बघा. मुलगी अठराच्या आत असेल तर त्यावर पालकाची सही लागते. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायला लावा, ते सोडू नका."

फॉर्म भरला. मावशी अजून पुरत्या राजी नाहीत. परवा पोळ्या करताना म्हणाल्या, "ताई, सोयरिकीला लोक विचारतील, पोरगी काय शिकली?"

म्हटलं, "सांगा, स्वतःचं कमावून खायला शिकतेय."

मावशी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरातलं कित्येक दिवस बिघडलेलं बटण बघून त्याच म्हणाल्या, "राहू द्या, कुणाला बोलावू नका. दोन वर्षं थांबा!"