फोटो आधीच ठरलेला असतो तेव्हा...

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, वर्गात 'निसर्गचित्र काढा' असं सांगून बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी आणि काठावर झोपडी! शाळा दुष्काळी भागातली असली तरी नदी दुथडी भरलेलीच. आपणही लहानपणी हेच काढलं ना?

मला वाटतं, हातात मोबाईल आल्यावरही आपण तेच चित्र काढतोय. कास पठारावर आपण सप्टेंबरमध्ये जातो ते मनात फुलांचा गालिचा घेऊनच. धुकं आलं, गालिचा दिसला नाही, की लगेच 'फेरी वाया गेली'. पण तिथला ओला जांभा कातळ, त्याच्या खळग्यांत साठलेलं पाणी, मातीच्या पातळ थरावर तग धरणारं एखादं रोप यांकडे आपलं लक्षच जात नाही.

मागच्या वर्षी मी चौथीच्या मुलांना पालकांच्या मोबाईलवर 'आपल्या गावाचा निसर्ग' टिपायला सांगितलं. नमुना म्हणून गटावर धबधब्यांचे, फुलांचे फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वस्तीवर फोटो काढण्यासारखं काहीच नाही."

चूक तिची नव्हती, माझ्या नमुन्याची होती. माझ्या फोटोंनी तिला तिचंच गाव कमी वाटायला लावलं होतं. मी म्हटलं, "ओट्यावर दहा मिनिटं नुसती बस. आधी बघ, मग मोबाईल काढ." तिने आणला तो फोटो ज्वारी काढलेल्या रानाचा होता. संध्याकाळच्या उन्हात धसकटांच्या लांबच लांब सावल्या! फोटो थोडा वाकडा होता, पण तो तिचा होता.

मग पूर्वतयारी नकोच का? तसं नाही. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचं उदाहरण बघा. १९४१ साली न्यू मेक्सिकोत दिवसभर फिरूनही त्यांना मनासारखा फोटो मिळाला नव्हता. परतताना हर्नांडेझ या छोट्या गावावर चंद्र उगवलेला दिसला. खाली स्मशानातले क्रूस मावळत्या उन्हात उजळले होते. त्यांनी गाडी थांबवली. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा माहीत असलेला आकडा धरून हिशोब केला. एकच फोटो मिळाला; दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं होतं. तोच फोटो पुढे जगप्रसिद्ध झाला. तयारी होती ती हाताची आणि अभ्यासाची. डोळे मात्र मोकळे होते.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी वर्गात नमुना आधी दाखवू नका. मुलांना शाळेच्या आवारात न्या, दहा मिनिटं नुसतं बघू द्या, मगच चित्र किंवा फोटो काढायला सांगा. नमुना आधी दिला की मुलं नमुन्यासारखं शोधत बसतात आणि समोरचं हुकतं. करून बघा आणि तुमच्या मुलांना काय दिसलं ते जरूर कळवा.