ओहमचा नियम वहीबाहेर काढा

जॉर्ज ओहम हे जर्मनीतल्या कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. शाळेच्याच प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून त्यांनी मोजमापं घेतली आणि १८२७ मध्ये ग्रंथ छापला. तेव्हा अनेक विद्वानांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉपली पदक दिलं, ते थेट १८४१ मध्ये.

एका शाळामास्तरांनी प्रयोगातून शोधलेला हा नियम आपल्याकडे गुणांपुरता उरला आहे. व्होल्टेजला रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते, हे पोरांना तोंडपाठ असतं. रेझिस्टर मात्र कित्येकांनी हातात घेतलेला नसतो.

लाल एलईडीचंच बघा. पेटलेला असताना त्याच्यावर साधारण २ व्होल्ट पडतात. तो ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला, तर जळतोच. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे आणि धारा २० मिलिअँपिअरवर ठेवायची, तर ३५० ओहम लागतात.

वहीतलं गणित इथे संपतं. बाजारातल्या नेहमीच्या मालिकेत ३३० ओहमनंतर एकदम ३९० येतो. तो घेतला की धारा १८ मिलिअँपिअरच्या आसपास राहते आणि एलईडी सुखाने जगतो. या रेझिस्टरच्या अंगावरचा नारंगी पट्टा म्हणजे ३, पांढरा ९, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो, की प्रत्यक्ष मूल्य पाच टक्के इकडेतिकडे असू शकतं. पुस्तकी उत्तरात ही सूट कुठे असते?

वॉटचा हिशेबही तसाच राहून जातो. पाव वॉटचा १०० ओहमचा रेझिस्टर ९ व्होल्टला थेट जोडला, तर त्यात ०.८१ वॉट उष्णता तयार होते. झेपेल त्याच्या तिपटीहून जास्त! तो करपतो, वास सुटतो. जुन्या पंख्यांचे मोठे रेग्युलेटर तापायचे तेही याच कारणाने: पंखा मंद केला, की रेग्युलेटरच्या रोधात वीज उष्णता होऊन वाया जायची.

पैशाची सबब इथे टिकत नाही. सुटा रेझिस्टर रुपया-दोन रुपयांत येतो, साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा मालाने भरलेला आहे. मुख्याध्यापकांनी येत्या सत्रात एवढंच करावं: नववीच्या प्रत्येक मुलाने योग्य रेझिस्टर निवडून, मोजून एक एलईडी पेटवावा आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यावरच द्यावेत.